चांदीचं पाणी

सीब,
ओमान, १५ फेब्रुवारी २००८

रशीदा आपा,

सलाम. तुम्ही माझा फोन उचलत नाही म्हणून हे लिहिते आहे. खालच्या मजल्यावरचे मुकादम परवा दाभोळला निघालेत, त्यांच्या हाती देईन. वाचलंत तर बरं. नाही वाचलंत तरी बाबांची खबर तुमच्यापर्यंत पोचवणं मला भाग आहे.

बाबा घरी आलेत. उजवा पाय गुडघ्याखाली काढला, हे नूरने तुम्हाला सांगितलंच आहे. टाके सुकलेत, ताप नाही. जेवण अर्धंच जातं. सकाळी उठताना अजून कधी कधी उजवा पाय खाली टेकवायला जातात, मग थांबतात आणि पलंगाची कड धरून तसेच बसून राहतात. आपण काही बोलू नये असं ते बसणं असतं. उमामाने पहिल्याच दिवशी विचारलं, "दादाजी, युवर लेग हॉस्पिटलमध्ये ठेवला?" बाबा म्हणाले, "होय गो, तिथे झोपलाय." ती समाधानाने खेळायला गेली.

त्या दिवशी फोनवर तुम्ही जे बोललात ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं. नूरने फोन स्पीकरवर ठेवला होता, तुम्हाला ठाऊक नसेल. "सून लॅबमध्ये औषधं बनवते आणि सासऱ्याचा पाय कापला जातो. परक्याच्या लेकीला कसली कळ येणार?" मी तेव्हा बाबांसाठी पेज गाळत होते. गाळत राहिले. नूर जमिनीकडे बघत होता. बाबाही.

ते औषध नाही, आपा. काय आहे ते एकदा नीट सांगते, कारण आपल्या घरात त्याला 'चांदीचं पाणी' हे नाव पडलं आणि तिथूनच सगळा घोळ झाला.

झाडाच्या पानात, फांदीत बारीक बुरशी राहते. भाकरीवर येते ती नव्हे. ही आत राहते, पान हिरवंगार असतं, वरून काही दिसत नाही. इथे बोरासारखं काटेरी झाड असतं, सिदर म्हणतात. इब्रा गावाच्या बाजूच्या कोरड्या नदीपात्रांमधून आम्ही त्याची पानं आणली. पान आधी स्पिरिटने, मग ब्लीचने धुवायचं, म्हणजे वरचे जंतू मरतात. मग तुकडे करून काचेच्या बशीत ठेवायचे. काही दिवसांनी कापलेल्या कडेतून पांढरा कापूस बाहेर येतो, ती आतली बुरशी. तिला पातळ खाद्यात वाढवायचं, मग बुरशी गाळून टाकायची आणि खाली उरलेल्या पाण्यात चांदीचा क्षार घालायचा. अंधारात ठेवलं तर ते पाणी तसंच फिकं राहतं. उन्हात ठेवलं की बघता बघता पिवळं होतं, मग कोऱ्या चहासारखं तपकिरी. बुरशीने सोडलेली द्रव्यं आणि ऊन मिळून त्या क्षारातून चांदीचे कण वेगळे करतात. इतके बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकातही दिसत नाहीत. आमच्या कॉलेजातल्या लॅबच्या प्रमुख डॉ. वजीरा, श्रीलंकेच्या आहेत, त्या म्हणतात, ओमानमध्ये दुसरं काही नसेल पण ऊन आहे.

त्या पाण्याने बशीतले जंतू मरतात. हे मी डोळ्यांनी पाहिलं, आणि घरी येऊन जेवताना हौसेने सांगितलं. पण बशी म्हणजे माणूस नव्हे. एवढंच.

लॅबचं काम सध्या कमी आहे, त्यामुळे बाबांकडे बघायला वेळ मिळतो. काळजी नसावी.

तुमची,
झरीन


सीब,
२१ मार्च २००८

आपा,

सलाम. पत्र पोचलं असं मुकादमांनी सांगितलं. तुम्ही ते त्यांच्यासमोर उघडलं नाही, कोनाड्यात ठेवून दिलंत, हेही सांगितलं. माणसं नको ते नेमकं सांगतात. असो.

बाबांना कुबड्या मिळाल्या. शिवणाचं दुकान बंदच आहे. अर्बाब, दुकानाचा ओमानी मालक, येऊन भेटून गेला. चांगला माणूस आहे, बाबांच्या शेजारी जमिनीवर बसला आणि म्हणाला, अहमद, माझ्या सगळ्या पोरांच्या लग्नाच्या दिशदाशा, ते लांब झगे, तू शिवल्यास, आता दुसऱ्या कोणाकडून शिवायच्या म्हणजे जिवावर येतं. बाबा हसले. तो गेल्यावर पायाने चालवायचं शिलाई मशीन झाकून ठेवायला सांगितलं. आता त्यांनाच मुलकात, दाभोळला, यायचं आहे. नूर तिकिटाचं बघतोय. ते तुमच्याकडे राहतील हे तुम्ही आणि नूरने ठरवलंत, मला आवडलं. मनापासून सांगते.

जखम कशी झाली ते तुम्ही नूरला पुन्हा पुन्हा विचारता आणि तो उडवाउडवी करतो. त्यात लपवण्यासारखं काही नाही, म्हणून सांगते. गेल्या जूनमध्ये गोनू वादळ आलं, दुकानात चिखल शिरला. बाबा अनवाणी उभे राहून चिखल काढत होते. काच लागली असावी. साखरेमुळे त्यांच्या तळव्यांना कळतच नाही, म्हणून त्यांना पत्ताच नव्हता. मोज्याला डाग दिसला तेव्हा समजलं. मग हॉस्पिटल, ड्रेसिंग, गोळ्या, पुन्हा ड्रेसिंग. भरतेय म्हणावं की पुन्हा उघडायची. पुढचे सहा महिने असे गेले.

त्याच दिवसांत एकदा नूर मला कॉलेजातून आणायला त्याच्या बेकरीची व्हॅन घेऊन आला, सोबत बाबाही होते. लॅबच्या मागच्या पायऱ्यांवर मी बाटल्या उन्हात ठेवल्या होत्या. बाबा व्हॅनमधून उतरले, काठीवर टेकून बघत राहिले. पाणी त्यांच्यासमोर रंगलं. "चहा झाला की गो!" म्हणाले. इतके खूष झालेले मी त्यांना फार दिवसांनी पाहिले. वाटेत विचारलं, "ह्यानेच ते जंतू मरतात?" मी हो म्हटलं.

बकरीदच्या आधी त्यांनी मागितलं. मी ड्रेसिंग सोडत होते.

"झरीन, तुझं ते चांदीचं पाणी जरा लावून बघूया ना."

"नाही बाबा. ते माणसांसाठी नाही."

"जंतू तर तेच असतील ना, बशीतले नि माझ्या पायातले?"

"जंतू तेच असतील. पण त्या पाण्याने तुमची कातडी पण मरेल की नाही ते अजून कोणी तपासलेलं नाही. बुरशीचं आणखी काय काय त्यात उतरलंय तेही ठाऊक नाही."

"मी देतो ना परवानगी. माझ्यावरच तपासून बघ."

मी नाही म्हटलं. नूर दारात उभा होता. तो मला बाहेर घेऊन गेला आणि म्हणाला, "तुझ्या सख्ख्या बापाचा पाय असता तर?" मी म्हटलं, "तरीही नाही." त्यानंतर घरात बोलणं कमी झालं. तुम्हाला त्याने फोनवर तेव्हाच सांगितलं असणार, की मी दिलं नाही.

इथवर तुम्हाला जे ठाऊक आहे ते खरं आहे.

दमले आहे, आपा. उमामाची परीक्षा आहे, तिचा मराठीचा पेपर नसतो पण तिला 'ळ' म्हणता येत नाही म्हणून बाबा तिच्याकडून रोज 'दाभोळ' म्हणवून घेतात. घरात तेवढाच आवाज असतो.

झरीन


सीब,
२ मे २००८

आपा,

काल नूरने तुमचा निरोप सांगितला. बाबांना पुढच्या महिन्यात आणायचं, आणि त्यांच्या सामानात चांदीच्या पाण्याची बाटली टाकायची. डाव्या पायाला भेग पडली आहे असं बाबा तुम्हाला फोनवर बोलले, म्हणून. "एक पाय तिने घालवला, दुसऱ्यासाठी तरी द्यायला सांग." नूरने हे मान खाली घालून सांगितलं आणि मग म्हणाला, "देऊन टाक ना थोडं. तिची समजूत पटेल."

तो असं म्हणाला, तेव्हा मला ठरवावंच लागलं. आतापर्यंत मी गप्प होते कारण मला गप्प राहायला सांगितलं होतं. आता डावा पाय आहे. तो तुमच्या घरात, तुमच्या हातात असणार. म्हणून सांगते. बसून वाचा.

ते पाणी बाबांच्या पायाला लावलं होतं.

मी नाही लावलं. मी नाही म्हटल्यावर, बकरीदच्या सुट्टीआधी, नूर मला घ्यायला आला तेव्हा मागच्या पायऱ्यांवरून एक बाटली उचलून त्याने व्हॅनमध्ये पावांच्या क्रेटखाली ठेवली. सुट्टीत मी उमामाला घेऊन भावाकडे सोहारला गेले होते. ड्रेसिंगचं नूर बघेल असं ठरलं होतं. त्या दिवसांत बाबांना हॉस्पिटलला न्यायचंही होतं, तारीख दिलेली होती. दोघे गेले नाहीत. नूर कापसाने ते पाणी लावत होता. पहिल्या दिवशी वास कमी झाला, असं दोघेही सांगतात. झाला असेल. त्यांना वाटलं गुण येतोय. मग हॉस्पिटलला कशाला जायचं?

मी परत आले. बाबांनी उमामाच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला त्यांच्या बोटांची टोकं दिसली, काळपट तपकिरी. आपा, तो डाग मी कुठेही ओळखेन. पाण्यात चांदीचा क्षार थोडा तरी शिल्लक राहतोच, तो कातडीला लागून उन्हात आला की असा डाग पडतो, साबणाने जात नाही. माझ्या बोटांना कायम असतो.

मी विचारलं, "बाबा, हे काय?"

त्यांनी हात चादरीखाली घेतला. मी तो धरून बघितला, तापलेला होता. मी पट्टी सोडली. जखमेच्या भोवतीची सगळी कातडी डागाने काळी झाली होती. त्यामुळे आतून काय काळं पडत होतं ते दोघांनाही ओळखू आलं नव्हतं. मला आलं, कारण मी दाबून बघितलं.

आम्ही तसेच हॉस्पिटलला गेलो. पाणी लावल्याचं डॉक्टरांना मीच सांगितलं, कारण त्यांना कळायला हवं होतं. त्यांनी बोटांपासून वर गुडघ्यापर्यंत पाय तपासला. म्हणाले, पायात रक्तच नीट उतरत नाही, बोटं बहुधा गेलीच असती. मी विचारलं, आणि वरचा पाय? ते म्हणाले, "आधी आणलं असतं तर मी प्रयत्न केला असता." एवढंच म्हणाले. जास्त बोलले असते तर बरं झालं असतं. ते वाक्य आमच्या घरात कोणी उच्चारत नाही, पण जेवताना मध्ये ठेवलेलं असतं.

नूर तिथे कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून खाली बसला. मी त्याच्याजवळ गेले नाही. खरं सांगते, तेव्हा मला त्याची दया आली नाही.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी बाबांनी मला एकटीला थांबवून घेतलं. म्हणाले, "पाणी मीच आणायला लावलं त्याला. रशीदाला यातलं काही सांगू नको. तिला एकच भाऊ आहे. त्यांची आई गेली, मी पण जाईन, मग दोघांना एकमेकांशिवाय कोण? तिने तोंड फिरवलं तर तो मोडून जाईल."

मी म्हटलं, "आणि ती मला बोलली तर?"

"तुझ्यावर रागावेल, मग विसरेल."

त्यांनी ते मायेनेच म्हटलं. मी हो म्हटलं. उद्या ज्याचा पाय कापायचा आहे त्याला दुसरं काय म्हणणार? पण सुनेवरचा राग सगळ्यांना किती सोयीचा असतो, ते मला तेव्हा समजलं. फोनच्या स्पीकरवर तुम्ही बोलत होता, आणि ज्या दोघांना खरं ठाऊक होतं ते दोघे जमिनीकडे बघत होते. मला नूरचा जेवढा राग त्या दिवशी आला, तेवढा बाटली उचलल्याचाही आला नव्हता.

आणखी एक. लॅबचं काम कमी आहे असं मी लिहिलं होतं. ते कमी नाही. बाटली कुठे गेली ते डॉ. वजीरांनी विचारलं, मी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "झरीन, तू नाही म्हणालीस ते बरोबर होतं. पण माझ्या लॅबमधून माणसाच्या जखमेपर्यंत काही पोचलं, हे मी सोडून देऊ शकत नाही." माझी लॅबची चावी घेतली. बाटल्या आता आत, दिव्याखाली ठेवतात. मी पहिल्या वर्षाच्या मुलींना काचेची भांडी धुवायला आणि सूक्ष्मदर्शक पुसायला शिकवते. डॉ. वजीरा वाईट नाहीत, मीही त्यांच्या जागी हेच केलं असतं. पण इब्र्याच्या उन्हात मी स्वतः वेचलेल्या पानातून ती बुरशी निघाली होती, आपा. आता ती दुसरं कोणी वाढवतं आणि मी खिडकीतून बघते.

मार्चमध्ये त्यांनी त्या पाण्याचा कातडीच्या पेशींवर प्रयोग केला. निकाल मला बोलावून दाखवला. जेवढ्या तीव्रतेने जंतू मरतात, तेवढ्याने कातडीच्या पेशीही पुष्कळ मरतात. पातळ केलं तर कदाचित जमेल, त्याला अजून कितीतरी वर्षं लागतील. निकाल बघून मला बरं वाटेल असं मला वाटलं होतं. नाही वाटलं.

बाटली येणार नाही. नूरने दिली तर ओतून टाका. तो देणार नाही, कारण हे पत्र मी त्याला वाचून दाखवते आहे. तो समोर बसला आहे. "पाठव," एवढंच म्हणाला.

बाबांना हे सांगितलेलं नाही. त्यांना दिलेला शब्द मी मोडला. तुम्ही त्यांना कळू दिलं नाहीत तर उपकार होतील.

झरीन


सीब,
११ जुलै २००८

रशीदा आपा,

सलाम. मेच्या पत्राचं उत्तर आलं नाही, आणि मी वाटही बघत नव्हते. बाबांना घ्यायला तुम्ही मुंबईच्या विमानतळावर स्वतः आलात, नूरशी एक शब्द बोलला नाहीत, व्हीलचेअर त्याच्या हातातून घेतलीत आणि निघालात. तो पुढच्याच विमानाने परत आला. बॅगसुद्धा उघडली नव्हती. मला वाटलं, झालं, बाबा म्हणाले तेच झालं, आणि ते मी केलं. त्यानंतर घर चाललं, पण कसं ते विचारू नका. तो बेकरीत जातो, मी कॉलेजात जाते, उमामा शाळेत जाते. तिघे परत येतो.

परवा दुपारी मी प्रॅक्टिकल घेत होते आणि तुमचा फोन आला. तुम्ही सलाम केला नाहीत, मीही विसरले. तुम्ही एकदम म्हणालात, "डाव्या करंगळीच्या बाजूला लाल दिसतंय. बाबा म्हणतात काही नाही."

मी विचारलं, "हात लावून गरम लागतंय?"

"थोडं."

"आत्ता न्या. उद्या नको."

"बाहेर धो धो कोसळतंय."

"आपा, आत्ता."

तुम्ही फोन ठेवलात. मुली माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांना काय शिकवत होते ते मला आठवेना.

काल पुन्हा फोन करून तुम्ही सांगितलंत की चप्पल घासून फोड आला होता, आत पू धरायला लागला होता, डॉक्टरांनी वेळेवर आलात म्हटलं, गोळ्या दिल्या, लाली उतरते आहे. मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले. मग तुम्ही म्हणालात, "पाय रोज कसा बघायचा ते नीट लिहून पाठव. फोनवर माझ्या लक्षात राहत नाही." म्हणून लिहिते.

रोज एकाच वेळी बघा, अंघोळीनंतर बरं. तळवा, टाच, आणि प्रत्येक दोन बोटांच्या मध्ये. ते "काही नाही" म्हणतील, ऐकू नका. त्यांना खरंच कळत नाही, ते खोटं बोलत नसतात. पाणी कोमट हवं, आणि ते तुम्ही तुमच्या कोपराने बघायचं, त्यांना विचारायचं नाही. पाय भिजत ठेवायचा नाही. बोटांमधली जागा कोरडी पुसायची. टाचेला खोबरेल लावा, बोटांमध्ये नको. घट्ट झालेली कातडी ब्लेडने काढू देऊ नका, ते लपून काढतात. घरातसुद्धा अनवाणी नाही, नमाजाच्या चटईपर्यंतसुद्धा मऊ चप्पल. कुठे लाल, काळं, ओलं, गरम दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. कोणी पाला सांगेल, कोणी मलम सांगेल, कोणी लॅबमधलं काही सांगेल. नको.

आता एक माझं.

डॉ. वजीरांनी चावी अजून दिलेली नाही. पण सिदरची पानं आणायला पुढच्या आठवड्यात ये म्हणाल्या, काटे चुकवणं नव्या मुलीला जमत नाही. जाईन. नाही म्हणायची ताकद नाही आणि हो म्हणायचा उत्साहही नाही. पण जाईन.

आणि नूर. काल तुमचा फोन ठेवला तेव्हा तो नुकताच घरी आला होता, हात पिठाने भरलेले. बाबा बरे आहेत, पाय वाचला, हे मी सांगितलं. तो बेसिनपाशी गेला, नळ सोडला आणि पाठमोराच राहून म्हणाला, "माझी चौकशी केली तिने?"

मी हो म्हटलं.

तो नळ बंद करायचं विसरला. तसाच उभा राहिला, हात पाण्याखाली धरून.

मी खोटं बोलले, आपा. तेवढं खरं करा.

तुमची,
झरीन